येसूचा पिवळा हात

एका गावात एका परटाच्या घरी दोन जावा राहत होत्या. थोरलीचं नाव सगुणा, धाकटीचं येसू. दोघींचे नवरे एकाच साथीत गेले. मागं उरलं काय, तर नदीवरचा धुण्याचा दगड, अंगणातली भट्टी आणि एकमेकी.

येसू लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा तिला स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नव्हती. सगुणेनं ती घातली. सगुणेनंच तिला भाकरी थापायला शिकवलं, तापात ती येसूला मांडीवर घेऊन बसली, येसू माहेरच्या आठवणीनं रडली तेव्हा तिनं पदरानं डोळे पुसले. आई म्हणा, बहीण म्हणा, सासू म्हणा, येसूला सगळं एकाच बाईत मिळालं होतं. हे मी आधीच सांगून ठेवते. पुढं जे घडलं त्यात सारा गाव हे विसरला, आणि सगळ्यांत आधी येसू विसरली.

सगुणा जुन्या रीतीनं कपडे धुवायची. मोठ्या हंड्यात राख आणि खार घालायचा, त्यात कपडे उकळायचे, मग दगडावर आपटायचे. परीट याला भट्टी लावणं म्हणतात. कपडे पांढरे निघायचे, पण वाळल्यावर पापडासारखे ताठ व्हायचे. आणि तो खार हात खायचा. सगुणेच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांत खार असा मुरला होता, की कितीही हात धुवा, जायचं नाव नाही. जेवताना वरणातली हळद बोटांना लागली की तिची बोटं लाल व्हायची. खार आणि हळद एकत्र आले की असंच होतं. रोजचं होतं ते. येसू रोज हसायची.

"आक्का, देवानं कपाळावरचं कुंकू पुसलं, पण बोटांना रोज लावतोय बघा!"

"लावू दे बाई," सगुणा घास घेत म्हणायची. "त्यालाही मागाहून लाज वाटली असेल."

आणि दोघी हसायच्या.

एका वर्षी येसूनं गुऱ्हाळावरून उसाच्या रसाचं मडकं भरून आणलं आणि भट्टीमागं ठेवून विसरून गेली. पुढं केव्हातरी मडकं हाती लागलं. झाकण काढलं तर असा आंबट भपकारा आला, की येसूच्या डोळ्यांतून पाणी आलं. रसाचा शिरका झाला होता. ती मडकं उकिरड्यावर ओतायला निघाली, आणि वाटेत त्यातला थोडा शिरका दोरीवरच्या एका ताठ धोतरावर सांडला. येसूनं घाईघाईनं ते धोतर नदीवर नेऊन खळबळलं. वाळल्यावर पाहते तो काय, बाकी सगळं धोतर ताठ आणि सांडलं तेवढी जागा लोण्यासारखी मऊ!

येसू हुशार होती, हे मान्य केलंच पाहिजे. तिनं उरलेला शिरका फेकला नाही. शेवटच्या पाण्यात वाटीभर घालून पाहिला, कपड्यांतला खार निघून गेला. घामाचा कुबट वास गेला. लोखंडी पेटीच्या गंजाचे डाग चोळले, तेही गेले. मीठ घालून पितळेच्या तांब्याला लावला, तांब्या सोन्यासारखा झाला. पाणी तापवायच्या हंड्याच्या बुडाशी वर्षानुवर्षांचा पांढरा थर बसला होता. तो तर असा सुटून आला, की येसू अंगणात टाळ्या पिटत नाचली. शिरक्याचा वास म्हणाल, तर कपडा वाळला की वास गेला. आता येसू दर हंगामाला गुऱ्हाळावरून रस आणायची आणि मडकी लावून ठेवायची.

सगुणा हे सगळं कौतुकानं बघायची. एकदा मात्र तिनं येसूचा हात धरला. चुन्यानं सारवलेल्या ओट्यावर शिरका सांडला होता आणि तिथं फेस येऊन चुना फसफसत होता.

"हे बघ येसू. जे मळ काढतं ते मळावर थांबतंच असं नाही. कशावर घालतेस ते बघत जा गं पोरी."

"आक्का, तुम्हाला ना, सगळ्यात खोट दिसते," येसू म्हणाली आणि मडकं उचलून गेली.

हळूहळू येसूचं नाव झालं. इनामदारांच्या घरून बोलावणं आलं. तिथल्या समया, घंगाळं, पलंगपोस, बाईसाहेबांची जरीची लुगडी, सगळं येसूच्या हाती आलं. तिनं भट्टीचं काम सोडून सगुणेवर टाकलं आणि आपण शिरक्याचं काम धरलं. सगुणा गाठोडी वाहायची, खारात हात घालायची. येसू शेवटचा हात फिरवायची आणि शाबासकी घ्यायची. तिचे हात मऊ झाले, भेगा भरून आल्या. एकदा बाईसाहेब म्हणाल्या, "येसू, तुझ्या हाताला देवाचं देणं आहे हो." येसूनं ते वाक्य घरी येईपर्यंत मनातल्या मनात घोळवलं आणि घरी आल्यावर सगुणेला इतक्यांदा ऐकवलं, की सगुणा शेवटी म्हणाली, "बरं बाई, देवाचं देणं आहे. आता ते हात धुऊन जेवायला बस."

एका सणानंतर बाईसाहेबांचं शालू-पैठण्यांचं गाठोडं आलं. येसू एकेक उलगडत होती. एका पैठणीच्या पदराला गाठ होती. सोडली, तर आत मोत्यांची नथ. बाईसाहेब सणाच्या गडबडीत काढून पदराला बांधून विसरल्या होत्या.

खरं तर तिनं लगेच उठून नथ पोचती करायला हवी होती. येसूच्या मनात चोरीचा विचारही नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण तिनं नथ उजेडात धरली. सोनं मळलं होतं. मोत्यांवर तेलाचं, धुराचं पिवळं किटण चढलं होतं. आणि तिच्या डोक्यात आलं, ही अशी मळकी नथ काय द्यायची? लखलखीत करून दिली तर बाईसाहेब थक्क होतील! समईला चालतं ते नथीला का चालू नये? तिनं एका वाटीत चांगला जुना, कडक शिरका ओतला, नथ त्यात टाकली, वाटी फडताळात ठेवली आणि कामाला लागली. काम पुष्कळ होतं. ती रात्र गेली, दुसरा दिवस गेला.

वाटी काढली तेव्हा सोनं खरंच झगझगत होतं. मोती मात्र मेले होते. त्यांची कांती गेली होती, साल सुटून आली होती, आणि बारके मोती तर झिजून तारेवर सैल फिरत होते. येसूनं एक मोती पुसायला घेतला. बोटाला खडूसारखी पांढरी पूड लागली.

ती नथ बाईसाहेबांच्या सासूबाईंची होती, त्यांच्याही सासूबाईंची होती. आता काय सांगायचं? सगुणा त्या वेळी अंगणात भट्टीला जाळ घालत होती. दोन पावलं जाऊन "आक्का, माझ्या हातून घोटाळा झाला" एवढं म्हटलं असतं, तर सगुणा तिच्यासोबत इनामदारांच्या दारात जाऊन उभी राहिली असती. बोलणी खाल्ली असती, पायांवर डोकं ठेवलं असतं. पण येसूला आठवलं ते चुन्यावर फसफसणं, आणि सगुणेनं धरलेला हात. आक्काचंच खरं झालं, हे तिला कबूल करवेना. तिनं नथ फडक्यात बांधली आणि शिरक्याच्या मोठ्या मडक्याखाली पुरून टाकली.

दुसऱ्या दिवशी इनामदारांच्या घरी एकच गोंधळ उडाला. नथ गेली! बाईसाहेबांना काढल्याचं आठवत होतं, कुठं ठेवली ते आठवत नव्हतं. आणि मोठ्या घरी वस्तू हरवत नसते हो, मोठ्या घरी ती चोरीलाच जाते. माजघरापर्यंत कोण कोण येतं याचा विचार झाला. स्वयंपाकीणबाई, पाणी भरणारा गडी, आणि परटाच्या दोघी जावा.

"चौघांनाही हळद घ्यायला लावा," बाईसाहेब म्हणाल्या.

आता ही हळद म्हणजे काय ते सांगते. गावाबाहेर गावदेवीचं देऊळ होतं. गावात चोरी झाली की ज्याच्यावर संशय असेल त्याला तिथं न्यायचं. विहिरीवर हात धुवायचे. मग गुरव देवीपुढची ओली हळद दोन्ही तळव्यांवर ठेवी. मुठी मिटायच्या. गुरवानं देवीला प्रदक्षिणा घालून आरती केली की मुठी उघडायच्या. हात पिवळा असला तर माणूस खरा. लाल झाला तर देवीनं बोट दाखवलं, तोच चोर. मागं एकदा चुनाभट्टीवरच्या मजुराचा हात लाल झाला होता. त्याआधी राखेनं भांडी घासणाऱ्या एका म्हातारीचा. इनामदारांच्या घरच्या कुणाचा हात कधी लाल झाला नव्हता, आणि त्याचं गावात कुणाला नवल वाटलं नव्हतं.

गंमत बघा. त्याच गावात लेकराची दृष्ट काढायची म्हटली, तर आया हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना टाकायच्या आणि लालभडक झालेलं पाणी ओवाळून रस्त्यावर ओतायच्या. घराघरांत ठाऊक होतं, हळद लाल कशानं होते ते. पण देवळाची पायरी चढली, की सगळे आपली अक्कल चपलांपाशी ठेवून आत जायचे.

सारा गाव जमला. हळद ठेवली गेली, मुठी मिटल्या. सगुणा शांत उभी होती. ज्यानं काही केलं नाही त्याला भीती कसली? येसूला मात्र वाटलं, देवीला कळणार. देवीपासून काय लपतं? आरती चालली होती तेव्हा तिनं मनात कबूलही करून टाकलं, आई, माझा हात लाल कर, मी सगळं सांगते.

मुठी उघडल्या. स्वयंपाकिणीचा हात पिवळा. गड्याचा हात पिवळा. येसूनं डोळे उघडून आपल्या हातांकडं पाहिलं. रोज शिरक्यात भिजणारे ते तळवे झेंडूसारखे पिवळेधमक होते.

आणि सगुणेचे दोन्ही तळवे लाल झाले होते. भेगाभेगांतून जणू रक्त आलं होतं.

"देवी बोलली!" गुरव ओरडला.

सगुणा आधी गोंधळली, मग चक्क हसली. "अहो, काय हे! हा खार आहे. माझे हात रोजच असे होतात. हळद लागली की लाल. विचारा हवं तर." ती येसूकडं वळली. "येसू, सांग की गं यांना. रोज जेवताना हसतेस ना मला? सांग."

सगळा गाव येसूकडं बघायला लागला.

येसूच्या ओठांवर शब्द आला होता. पण त्या एका शब्दानंतर दुसरा आला असता. सगुणेचा हात खारानं लाल, तर मग येसूचा पिवळा कशानं? आणि सगुणेनं नाही घेतली, तर नथ कुणाकडं? मग घराची झडती. मग मडक्याखालची जमीन. येसूला समोर बाईसाहेब दिसत होत्या, देवाचं देणं म्हणणाऱ्या. तिनं मान खाली घातली.

"सांग गं," सगुणा पुन्हा म्हणाली. या वेळी हळू.

येसू म्हणाली, "मला काही ठाऊक नाही."

सगुणेनं तिच्याकडं टक लावून पाहिलं. मग तिनं मुठी मिटून घेतल्या. त्यानंतर गुरवानं विचारलं, इनामदारांनी विचारलं, नथ कुठं आहे म्हणून काहींनी चारचौघांत तिचा पदरसुद्धा ओढला. ती एका शब्दानं बोलली नाही. बोलत नाही म्हणजे कबूल आहे, असं गावानं ठरवलं. दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं, असा निकाल झाला.

सगुणा घरी आली. तिनं एक लुगडं आणि एक तांब्या गाठोड्यात बांधला. येसू दाराला टेकून उभी होती.

"आक्का..."

"नथ कुठं ठेवलीस ते मला सांगू नकोस," सगुणा म्हणाली. "तू सांगितलंस आणि मला वाटेत कुणी विचारलं, तर मला खरं सांगावं लागेल."

येसू तिच्या पायांशी कोसळली. सगुणेनं तिला उठवलं नाही. पण उंबऱ्याबाहेर गेल्यावर थांबली आणि म्हणाली, "ती मडकी उन्हातून आत घे. तडकतील." आणि ती गेली.

मग काय झालं? येसूचं भलं झालं! देवीनं खरी ठरवलेली बाई ती. इनामदारांनी कोठीच्या किल्ल्या तिच्या हाती दिल्या. लोक सोन्यानाण्याचे डबे तिच्यापुढं उघडे टाकून निर्धास्त झोपू लागले. लहान पोरांना आया सांगायच्या, जा, येसूकाकूच्या हाताला हात लाव. येसू हसायची आणि हात पुढं करायची. घरी आली की दोन पाटांपैकी एक पाट रिकामा असायचा. वरणातली हळद बोटांना लागायची, बोटं पिवळीच राहायची आणि घास तोंडात फिरत राहायचा. तिनं वरणात हळद घालणंच सोडून दिलं.

काही वर्षांनी एक कासार बांगड्या विकत गावात आला. बोलता बोलता त्यानं सांगितलं, तिकडं खाली नदीच्या संगमाजवळच्या गावात एक परटीण घाटावर पडून असते. तिच्या हाताची गोष्ट तिच्याआधीच तिथं पोचली. कुणी तिला कपडे देत नाही. पोटाला मिळालं तर खाते. आता खोकल्यानं बेजार आहे, फार दिवस काढेल असं वाटत नाही.

येसूनं बाईसाहेबांसाठी हातात घेतलेली बांगडी खाली ठेवली. पुरे झालं, तिला वाटलं. आक्काला परत आणायची. पण नुसती आणून काय उपयोग? गाव तिला वेशीवरून हाकलणार. आधी गावाला खरं सांगायचं, मग मानानं गाडी जोडून तिला घेऊन यायचं.

तिनं मडकं हलवलं, जमीन उकरली, फडकं काढलं आणि सरळ इनामदारांच्या ओसरीवर जाऊन ती नथ बाईसाहेबांपुढं ठेवली.

"बाईसाहेब, नथ मीच लपवली होती. तुमच्या पदराच्या गाठीत मिळाली. उजळायला म्हणून शिरक्यात टाकली आणि मोती गेले. भ्याले आणि गप्प बसले. आक्कानं काही केलं नव्हतं."

बाईसाहेबांनी नथ उचलून मोत्यांवरून बोट फिरवलं. त्या काही अडाणी नव्हत्या. हे खरं धरायचं, तर एका निरपराध विधवेला आपण गावाबाहेर काढलं, तिचा पदर आपल्यासमोर ओढला गेला, हेही खरं धरायला लागणार होतं.

"मग देवी खोटं बोलली म्हणतेस?" त्यांनी विचारलं.

"देवी बोललीच नाही, बाईसाहेब. तो खार होता."

गुरवाला बोलावलं. गाव गोळा झाला. येसूनं घरून राख आणि खार कालवून आणला होता. तिनं सगळ्यांदेखत त्यात हात बुडवले, पुसले आणि वर हळद चोळली. तिचे तळवे लाल झाले, सगुणेचे झाले होते तसेच. तिनं ते वर धरले.

"बघा! हाच तो रंग! आता म्हणा मला चोर!"

गर्दीत कुजबुज झाली. एक म्हातारी पुटपुटली, "खरंच की. दृष्टीचं पाणी आपण असंच तर करतो." क्षणभर दोघी-चौघींनी माना डोलावल्या. त्या एका क्षणात सगुणा परत येऊ शकत होती. येसूला तर ती वेशीतून आत येताना दिसलीसुद्धा.

मग गुरव खाकरला. "घरातल्या हळदीचं काय सांगतेस बाई? ती देवीपुढची हळद होती. देवीनं तेव्हा तुझा हात पिवळा दाखवला. देवी एकदाच बोलते."

आणि बाईसाहेबांना वाट सापडली. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते अश्रू खोटे नव्हते. "अगं येसू, कळतं मला. सगुणेनं नथ तुमच्या घरात पुरली, ती आता तुला सापडली. आणि जाऊ आजारी आहे म्हणून तू चोरी आपल्या अंगावर घेतेस! केवढं गं तुझं मन!"

"नाही हो! मी खरं सांगतेय! तुमच्या पाया पडते, मी खरं सांगतेय!"

"बघा, अजून तिलाच वाचवतेय," कुणीतरी म्हणालं.

सगळ्या गावाला सुटल्यासारखं झालं. ज्यांनी सगुणेला शिव्या दिल्या होत्या त्यांना, ज्यांनी पदर ओढला होता त्यांना, ज्यांनी नुसतं उभं राहून पाहिलं होतं त्यांनाही. येसू ओरडत होती, छाती पिटत होती, आणि ती जितकी ओरडेल तितकं गाव तिच्या चांगुलपणानं भारावून जात होतं. बाईसाहेबांनी तिथल्या तिथं तिला लुगडं आणि नारळ दिला. ती घेईना, तर चार बायकांनी तो जबरदस्तीनं तिच्या पदरात टाकला.

त्याच पावली येसू संगमाकडं निघाली. चोरटीला आणायला गाडी कुणी दिली नाही, ती चालत गेली. घाटावर पोचली तेव्हा सगुणा नव्हती. दोनच दिवसांपूर्वी गेली होती. घाटावर फुलं विकणारी एक बाई तिला अधूनमधून भाकरी द्यायची. तिनं येसूला खालीवर पाहिलं आणि विचारलं, "तू तिची धाकटी जाऊ का?"

येसूनं मान डोलावली.

"तुझी वाट बघत होती बिचारी. मी म्हणायची, कशाला वाट बघतेस, यायची असती तर आली असती एव्हाना. तर म्हणायची, नाही, येसू येणार. गावाला सगळं खरं सांगून मगच येणार ती, म्हणून उशीर होतोय."

येसू तिथंच दगडावर बसली. पदरातला नारळ घरंगळत पाण्यात गेला. तिचे तळवे अजून लाल होते. ते तिनं नदीच्या पाण्यात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले.

त्या गावात आजही मुलांना ही गोष्ट सांगतात बरं का. एक चोरटी जाऊ होती आणि एक साधी, मोठ्या मनाची. देवीनं चोरटीचा हात लाल केला आणि साध्या बाईचा पिवळा ठेवला. म्हणून मुलांनो, येसूसारखं व्हा, असं म्हणून ते गोष्ट संपवतात. येसूच्या नावानं देवळात एक समईही लावलेली आहे. ती दर सणाला शिरक्यानं घासून लखलखीत करतात.

तात्पर्य: खरं बोलायची एक वेळ असते. ती भीतीपोटी चुकवली, की पुढं तुम्ही ओरडून सांगितलेलं खरंही खोट्यालाच उजळा द्यायच्या कामी येतं.